तो हात धरून दाराकडे नेतो, ते बोलणंच आहे

ताई,
माझा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. तीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. सांगितलेलं बरंचसं कळतं, पण बोलत नाही. पाच-सहा शब्द आहेत, तेही त्याच्या मनात आलं तर. कधीकधी तंद्रीत 'लिफ्ट आली, लिफ्ट आली' म्हणत राहतो, आसपास लिफ्ट नसतानाही.

काल संध्याकाळचंच सांगते. तो जमिनीवर बसून गाडी फिरवत होता. हे ऑफिसातून आले आणि म्हणाले, "कोण आलं? सांग, कोण आलं? बाबा म्हण. बा-बा." त्याने वर बघितलंच नाही. सासूबाई म्हणाल्या, "हातात काय आहे तुझ्या? कुठल्या रंगाची आहे?" माझ्या दहा वर्षांच्या मुलीनेच उत्तर दिलं, "आजी, लाल आहे." मी त्याला विचारलं, "पाणी हवंय का?" तेवढ्यात तो उठला आणि ह्यांचा हात धरून दाराकडे ओढायला लागला. हे म्हणाले, "काय हवंय ते तोंडाने सांग, मग." त्याने गाडी फेकली आणि दारावर डोकं आपटायला लागला.

थेरपिस्टनी टॅबवर चित्रांचं अ‍ॅप दिलंय, चित्रावर बोट ठेवलं की शब्द ऐकू येतो. पण सासूबाई आणि हे दोघंही म्हणतात, टॅबच बोलायला लागला तर हा कशाला बोलेल? टॅब कपाटात आहे. शाळेतून सांगितलंय की घरी दोन भाषा नकोत, शाळेचीच बोला. सासूबाईंना ती येत नाही. पाठ केलेले दोन-तीन प्रश्न तेवढे त्या त्याला त्या भाषेत विचारतात. पाहुण्यांना मात्र त्याच्यासमोरच सांगतात, "ह्याला काही कळत नाही हो." परवा मुलगी म्हणाली, "त्याच्याशी काय बोलू, तो तर काही बोलतच नाही."

तो बोलेल का हो, ताई? आणि तोवर आम्ही घरात त्याच्याशी वागायचं कसं?
— एक आई

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी पेन्सिल घेतली आणि त्या संध्याकाळी तुमच्या मुलाला उद्देशून घरात जे जे बोललं गेलं, त्याखाली रेघा मारत गेले. आठ रेघा झाल्या. त्यांतले पाच प्रश्न आणि तीन हुकूम. त्याला नुसतं काही सांगावं, गप्पा माराव्यात म्हणून बोललेलं वाक्य त्यात एकही सापडलं नाही. आणि पाचांपैकी चार प्रश्नांची उत्तरं विचारणाऱ्याला आधीच ठाऊक होती. बाबा समोर उभे होते, गाडी लाल होती, सगळ्यांना दिसत होतं.

तुमच्या मुलीशी कोणी असं बोलत नसणार. बाबा घरात शिरताना तिला म्हणाले असतील, "केवढं उकडतंय आज, शर्ट बघ कसा भिजलाय." त्यावर ती काही बोलली असेल, नसेल. पण बाबांच्या दिवसातला एक तुकडा तिच्यापर्यंत पोचला. तुमच्या मुलाला असा तुकडा मिळत नाही.

हे मी दोष द्यायला मोजलं नाही. स्पीच थेरपिस्ट म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत हेच चालतं, आणि मायेपोटीच चालतं. मूल प्रतिसाद देत नाही, म्हणून मोठ्यांचं साधं बोलणं हळूहळू आटतं. भिंतीशी बोलल्यासारखं वाटायला लागतं. मग उरतात प्रश्न, कारण प्रश्नाला निदान उत्तर येण्याची आशा असते. उत्तर आलं नाही की तोच प्रश्न आणखी मोठ्याने. ज्या लेकराला भाषा भरपूर कानावर पडायला हवी, त्याच्या वाट्याला ती परीक्षेपुरती येते. मला आज तुम्हाला एवढंच सांगायचंय की त्याला बोलतं करायची घाई थोडी बाजूला ठेवा आणि त्याच्याशी बोलायला लागा. पुढे जे लिहितेय ते ह्याच्याच पोटातलं आहे.

आधी त्या संध्याकाळी तो काय बोलला ते बघू. हो, बोलला. घरात चार माणसं होती. त्यांतून त्याने नेमका बाबांचाच हात धरला आणि त्यांना दाराकडे नेलं. कोणाबरोबर जायचंय, कुठे जायचंय, सगळं त्यात आलं. बाबांनी विचारलं होतं, "कोण आलं?" त्याचंही उत्तर त्याने तिथेच दिलं, फक्त तोंडाऐवजी हाताने. आणि त्या उत्तराला घरातून काय मिळालं? "तोंडाने सांग, मग." जे त्याला जमत नाही तीच अट. पुढे गाडी फेकली गेली, डोकं आपटलं गेलं, त्याला आपण हट्ट म्हणतो. मला ते त्याच वाक्याचं वाढलेलं रूप वाटतं. हळू आवाजात सांगून कोणी ऐकलं नाही, म्हणून त्याने आवाज चढवला.

संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २००६ च्या करारात 'संवाद' या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात ब्रेल येतं, स्पर्शातून होणारा संवाद येतो, बोलण्याला जोड देणारी आणि बोलण्याऐवजी वापरायची साधनंही येतात. म्हणजे हे माझं एकटीचं हळवेपण नाही. हाताने सांगितलेलंही सांगितलेलंच असतं.

मग बाबांनी काय करायला हवं होतं? खाली बसायचं, त्याच्या तोंडासमोर तोंड येईल असं, आणि त्याचं म्हणणं शब्दांत घालून त्याला परत द्यायचं. "बाहेर. बाबा, बाहेर जाऊ." एवढंच, दोन-तीन शब्दांत. मग जमत असेल तर दार उघडायचं. जमत नसेल तर तसंही सांगता येतं: "आत्ता नाही. बाबा दमलेत. आधी अंघोळ, मग बाहेर." त्याचं प्रत्येक मागणं पुरवा असं मी सांगत नाहीये. बोलणारी मुलंही दिवसभर 'नाही' ऐकतात आणि मोठी होतात. पण त्यांना आपलं म्हणणं पोचलं हे कळतं. नकार आला तर तो रुसेल, रडेलसुद्धा, आणि सावरेल. आपण जे म्हणतोय ते कोणाला कळतच नाही, हे मात्र कोणालाही सहन होत नाही.

'आधी म्हण, मग देते' ही रीत मीही वापरलेली आहे. कामाच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे चार वर्षांचा एक मुलगा यायचा, साबणाच्या फुग्यांवर जीव असलेला. मी बाटली छातीशी धरून बसायचे आणि तो 'फु' म्हणेपर्यंत फुंकायचे नाही. पहिले काही दिवस तो हात ताणायचा, माझं मनगट पकडायचा, बाटलीचं झाकण नखाने खरवडायचा. मी म्हणायचे, "फुगा म्हण." पुढे पुढे तो बाटलीकडे पाठ करून बसायला लागला. त्याच्या आईने विचारलं, "ह्याला फुगे आवडेनासे झाले का?" तसं नव्हतं. मागून मिळत नाही हे तो शिकला होता, आणि ते मी शिकवलं होतं. ती पाठ मला अजून दिसते. तेव्हापासून मुलाला हवी असलेली वस्तू मी शब्दासाठी ओलीस धरत नाही. त्याने हात पुढे केला की मी "फुगा" म्हणते आणि फुंकते. शब्द त्याच्या कानावर नेमका त्याला फुगा हवा असतो त्याच क्षणी पडतो. शब्द रुजायला ह्याहून चांगली वेळ मला माहीत नाही.

आता थांबण्याबद्दल. १९७० च्या दशकात मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने वर्गातल्या बोलण्याच्या टेप ऐकून वेळा मोजल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबायचे. तेच शिक्षक तीन किंवा अधिक सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलायला लागली. ती बोलती मुलं होती. तुमच्या मुलाला ऐकलेलं उलगडायचं, काय सांगायचं ते ठरवायचं आणि मग अंगाकडून ते करून घ्यायचं, एवढा पल्ला गाठायचा असतो. त्याच्यासाठी मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. त्या वेळात भुवया उंचावून, वाट बघणाऱ्या चेहऱ्याने त्याच्याकडे बघा आणि एक अक्षर बोलू नका. "सांग ना, काय हवं, पाणी हवं का, का बॉल हवा" असं मधेच सुरू झालात की त्याचं पहिलं गणित पुसलं जातं आणि त्याला पाटी कोरी करून पुन्हा मांडावं लागतं. दहा सेकंद फार लांब वाटतात, घड्याळ लावून बघा. मोठ्या माणसांना ही शांतता सोसत नाही आणि कोणीतरी मधे बोलतंच. बहुधा तुमची मुलगी.

त्याच्या बाबांना मी एकच काम देईन. रोज घरी आल्यावर पाच मिनिटं त्याच्याशेजारी जमिनीवर बसायचं, एकही प्रश्न न विचारता. त्याने गाडी फिरवली की आपणही दुसरी गाडी फिरवायची. तो थांबला की थांबायचं. तो आवाज काढेल तसाच आवाज काढायचा. मधून मधून जे दिसतंय ते बोलायचं: "गाडी चालली. ए, पडली! चाक अडकलं." तोंडात प्रश्न आला की गिळून टाकायचा, सांगण्यासारखं काही सुचलं तर सांगायचं, नाहीतर गप्प बसायचं. पहिले तीन-चार दिवस अवघडल्यासारखं होईल. पण ज्या मुलाची नक्कल आपण करतो ते मूल कधीतरी हात थांबवून तिरक्या नजरेने बघतं, हा माणूस खरंच माझ्यासारखं करतोय का ते तपासायला. मग मुद्दाम काहीतरी वेगळं करून बघतं. ती नजर बाबांनी एकदा पाहिली की मला त्यांना आणखी काही समजावावं लागणार नाही. दिवसभर बाहेर असलेल्या माणसाला घरी आल्यावर मुलाचं काहीतरी ऐकायचं असतं, म्हणूनच ते "कोण आलं?" विचारतात. त्यांची तहान खरी आहे. ह्या पाच मिनिटांत ती भागण्याची शक्यता जास्त आहे.

आता सासूबाई. त्यांच्याबद्दल तुम्ही जरा संकोचून लिहिलंय, पण घरात सगळ्यात मोठं नुकसान त्यांचं झालंय असं मला वाटतं. त्यांची भाषाच त्यांच्याकडून काढून घेतली गेली. नातवाशी बोलायला त्यांच्याजवळ पाठ केलेले दोन-तीन प्रश्न उरले. दोन भाषा ऐकल्याने ऑटिझम असलेल्या मुलाची भाषा आणखी मागे पडते, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. ज्या भाषेत घर हसतं, रागावतं, आठवणी सांगतं, ती भाषा त्याच्याभोवतून उचलून नेली तर त्याला घरातलं काहीच पुरेसं मिळत नाही. शाळेला नम्रपणे सांगा की घरी आम्ही आमचीच भाषा बोलणार. आणि सासूबाईंना सांगा, "आई, तुम्ही त्याच्याशी आपल्यासारखं बोला, मला तुमची मदत हवीय."

मदत कसली, तेही नेमकं सांगा. रोज रात्री झोपताना त्यांनी एक लहानसं गाणं किंवा चार ओळींची गोष्ट म्हणायची, रोज तीच, त्याच चालीत. दोन-तीन आठवड्यांनी ती त्याच्या अंगात मुरली की शेवटचा शब्द म्हणायच्या आधी थांबायचं. तोंड अर्धं उघडं, डोळे त्याच्यावर. तो शब्द म्हणेल, नाहीतर आवाज काढेल, नुसता त्यांच्या तोंडाला हात लावेल. जे करेल ते उत्तर समजायचं आणि शब्द स्वतः म्हणून गाणं पूर्ण करायचं. उत्तर आलं नाही तरी पूर्ण करायचं. सेशनमध्ये मी हेच करते, पण माझ्याकडे आजीची मांडी नाही.

"ह्याला काही कळत नाही," हे मात्र त्याच्यासमोर थांबायलाच हवं. तुम्ही स्वतः लिहिलंय की सांगितलेलं बरंचसं त्याला कळतं. बोलता न येणं आणि न समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि काही मुलांमध्ये समज बोलण्याच्या पुष्कळ पुढे असते. तो गाडी फिरवत बसलाय म्हणजे त्याचे कान बंद आहेत असं नाही. सासूबाईंना चारचौघांत अडवू नका, त्यांना ते लागेल. पाहुण्यांसमोर तुम्हीच आधी बोला, आणि त्याला धरून बोला: "हा सध्या हाताने सांगतो, आम्ही शिकतोय त्याचं समजून घ्यायला. हो की नाही रे?" त्याने उत्तर दिलं नाही तरी तो त्या बोलण्यात बसलेला असतो. पाहुण्यांनी "हा शाळेत जातो का?" असं तुम्हाला विचारलं तरी उत्तर त्याच्याकडे बघून द्या. एक-दोनदा बघितलं की सासूबाईंनाही ते जमेल. त्यांच्या त्या वाक्यामागे बहुतेक शरम आणि काळजीच आहे. पाहुण्यांनी विचारायच्या आधी आपणच सांगून मोकळं व्हावं, असं वाटत असेल.

'लिफ्ट आली' हे वाक्य मला पत्र वाचल्यापासून सोडत नाहीये. ऑटिझमचं सविस्तर वर्णन १९४३ मध्ये करणारे डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४६ मध्ये एका पाच वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं होतं. तो मधेच म्हणायचा, "कुत्रा गॅलरीतून खाली फेकू नकोस." तिथे कुत्रा नसायचा आणि गॅलरीही नसायची. चौकशी केल्यावर कळलं की तीन वर्षांपूर्वी लंडनच्या एका हॉटेलात तो खेळण्यातला कुत्रा सारखा गॅलरीतून खाली टाकत होता. आणून आणून कंटाळलेली आई त्याला हे वाक्य जरा चिडून बोलली होती. तेव्हापासून काहीही फेकावंसं वाटलं की तो स्वतःला आवरायला तेच म्हणायचा. ऐकणाऱ्याला निरर्थक, त्याच्यापुरतं अगदी नेमकं.

आपण अशा बोलण्याला पोपटपंची म्हणून सोडून देतो. १९८१ मध्ये बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ ड्युकन यांनी मुलं ऐकल्याबरोबर परत म्हणतात अशा शब्दांचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा त्यांतून मुलं कितीतरी वेगवेगळी कामं करून घेतात असं दिसलं: आपली पाळी घेणं, हो म्हणणं, मागणं, स्वतःच्या वागण्याला आवर घालणं. तुमच्या मुलाचं 'लिफ्ट आली' म्हणजे 'चला आता' असू शकेल. 'वाट बघून कंटाळलो' असू शकेल. दार उघडतं तेव्हाचा आनंदही असेल. मला इथे बसून सांगता येणार नाही, तुम्हाला येईल. एक छोटी वही स्वयंपाकघरात ठेवा. तो हे म्हणाला की वेळ, आधीच्या मिनिटात काय चाललं होतं आणि नंतर काय झालं, एवढंच लिहा. पंधरा दिवसांत काहीतरी दिसायला लागेल. अर्थ सापडला असं वाटलं की त्या अर्थाने उत्तर द्या. 'वाट बघून कंटाळलो' असेल असं वाटलं तर, "हो रे, किती वेळ वाट बघायची! आता संपलं." अंदाज चुकला तर तो त्याच्या पद्धतीने तसं दाखवेलच.

टॅब. आज रात्री कपाटातून बाहेर काढा. तुमच्या घरातली भीती मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकते आणि ती खोटी आहे असं म्हणून चालत नाही. आईबापांना वाटतं, कुबडी दिली तर पाय चालणार नाहीत. २००६ साली डायन मिलर, जेनिस लाइट आणि राल्फ श्लॉसर यांनी याच प्रश्नावर आधीच्या अभ्यासांतली नीट नोंदी ठेवलेली २७ जणांची उदाहरणं तपासली. चित्रं, खुणा किंवा यंत्र वापरायला लागल्यामुळे त्यांतल्या एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. ८९ टक्के जणांचं वाढलं होतं, बाकीच्यांचं होतं तेवढंच राहिलं. वाढ पुष्कळांची थोडीशीच होती, तेही सांगते. पण 'टॅब दिला म्हणून बोलणं गेलं' असं एकही उदाहरण त्यात नव्हतं.

टॅब त्याच्या हातात देऊन "सांग, काय हवंय, दाब" म्हणालात तर मात्र त्या संध्याकाळच्या आठ रेघांत आणखी एका परीक्षेची भर पडेल. बाळ पहिला शब्द बोलण्याआधी साधारण वर्षभर नुसतं ऐकत असतं, तेव्हा आपण त्याला "बोल, नाहीतर मिळणार नाही" म्हणत नाही. ही चित्रांची भाषाही त्याला आधी कोणीतरी वापरताना दिसायला हवी. म्हणून टॅब तुम्ही वापरा. बाहेर जाताना तुम्ही 'बाहेर' दाबा आणि बोला. खेळणं आवरताना 'संपलं' दाबा. बाबा दमले असतील तर बाबा 'दमलो' दाबतील. त्याने बघितलं नाही तरी चालेल. काही आठवडे, कदाचित काही महिने, एकतर्फी चालू द्या.

पहिले शब्द निवडताना वस्तूंची नावं भरत बसू नका. लाल गाडीचं चित्र त्याला फारसं उपयोगी नाही, गाडी त्याच्या हातातच आहे. 'नको', 'थांब', 'परत', 'मदत', 'संपलं', 'दुखतंय', 'बाहेर' हे त्याला जगायला लागणारे शब्द आहेत. त्यातही 'नको' आधी. आणि त्याने 'नको' दाबलं की शक्य असेल तिथे खरोखर थांबा, म्हणजे त्या बटणात ताकद आहे हे त्याला कळेल. शिक्षा म्हणून टॅब काढून घेऊ नका. बोलणाऱ्या मुलाचं तोंड आपण बांधत नाही. खेळ आणि व्हिडिओ शक्यतो दुसऱ्या यंत्रावर असू द्या. याच शब्दांचा एक कागदी तक्ता छापून दाराजवळ आणि बाथरूममध्ये चिकटवा, चार्जिंग संपलं म्हणून त्याचं बोलणं बंद पडू नये.

एक सावधगिरी. मुलाचा हात किंवा कोपर धरून त्याच्याकडून अक्षरं टाइप करून घेतो आणि तो लांबलचक वाक्यं लिहितो, असं सांगणारं कोणी भेटलं तर तिकडे जाऊ नका. त्या वाक्यांचा धनी हात धरणारा माणूस असतो, हे वारंवार तपासून दिसलेलं आहे, आणि अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनने २०१८ मध्ये ही पद्धत वापरू नये असं स्पष्ट सांगितलं आहे. तुमच्या मुलाने स्वतःच्या बोटाने दाबलेला एक 'नको' मला त्याहून कितीतरी मोलाचा आहे.

तुमची मुलगी "त्याच्याशी काय बोलू" म्हणाली, ते निर्दयपणे म्हणाली नाही. तिला खरंच प्रश्न पडलाय, आणि घरात कोणालाच त्याच्याशी गप्पा मारताना तिने बघितलेलं नाही. शिवाय "आजी, लाल आहे" म्हणून ती प्रसंग सावरून नेते. घरातली ती अवघड शांतता तिला सोसत नाही. तिला ह्या कामातून मोकळं करा. "त्याच्याकडून उत्तर द्यायची जबाबदारी तुझी नाही, आपण सगळे थांबू," असं सांगा. त्याला ऑटिझम आहे म्हणजे काय, तेही तिच्या वयाला कळेल असं आणि खरं सांगा. लपवलेलं मुलांना अर्धवट कळतं आणि अर्धवट कळलेलं जास्त घाबरवतं. तिला त्याची शिक्षिका करू नका. भावंडं म्हणून ती दोघं पलंगावर उड्या मारतील, उशा फेकतील, एकमेकांवर चिडतील, तिथे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त जमतं. आणि आठवड्यातून थोडा वेळ फक्त तिचा असू द्या, ज्यात भावाचा विषयच निघणार नाही. तो त्रास देतो, तो नको वाटतो, असं ती कधी म्हणाली तर ऐकून घ्या. लगेच समजूत काढू नका.

डॉक्टरांकडे न्यायच्या गोष्टी थोडक्यात सांगते. कानाची तपासणी होऊन दोन वर्षं झाली असतील तर पुन्हा करून घ्या. "हाक मारली की बघतो" हा ऐकू येण्याचा पुरावा नसतो. डोकं आपटणं वाढलं किंवा कारण नसताना व्हायला लागलं तर आधी कान, दात, पोट दाखवा. दुखणं सांगता येत नसलं की ते असंच बाहेर पडतं. आणि आहेत ते पाच-सहा शब्दही जायला लागले तर वाट न बघता दाखवा.

राहिला तुमचा पहिला प्रश्न. मी तो मुद्दाम शेवटी ठेवलाय, टाळण्यासाठी नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑटिझम असलेली अशी ५३५ मुलं घेतली होती, ज्यांना चौथं वर्ष येईपर्यंत वाक्यात बोलता येत नव्हतं. आठ वर्षांची किंवा त्याहून मोठी होईपर्यंत त्यांतली ७० टक्के मुलं छोट्या वाक्यांत बोलायला लागली होती, ४७ टक्के सफाईने बोलत होती. म्हणजे साडेपाचव्या वर्षी दार बंद झालेलं नाही. पण उरलेली ३० टक्के मुलंही कोणाच्या तरी घरात मोठी झाली. तुमचा मुलगा कुठल्या बाजूला जाईल हे मला सांगता येत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मला एवढं माहीत आहे की तो बोलला तरी, टॅबवर बोलला तरी, हातानेच बोलत राहिला तरी, त्याच्याशी गप्पा मारणारं घर त्याला आजच लागणार आहे.

आज संध्याकाळी बाबा आले की त्यांना "कोण आलं?" विचारू देऊ नका. आधीच फोन करून सांगून ठेवा. "मी आलो रे. लिफ्ट बंद होती, चार जिने चढून आलो," एवढं त्याला सांगायचं आणि त्याच्याशेजारी टेकायचं. तो वर बघेल किंवा बघणार नाही. तुम्ही वहीत तारीख घाला.

आणि 'लिफ्ट आली'चं काय निघालं ते मला नक्की लिहा. मी वाट बघतेय.